मिनीमूगची प्रतिकृती : एक हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लेख लिहायचा म्हणजे सहकार, बँका किंवा वस्तू व सेवा कर यांपैकी एखादा विषय घ्यायचा, असा आपल्याकडे शिरस्ताच पडून गेला आहे. मीही बँकांवर चार पाने लिहून काढली होती. परंतु त्याच सुमारास माझ्यापुढे एक खराखुरा हिशेब येऊन उभा राहिला आणि ती चार पाने बाजूला पडली. हा हिशेब चाळीस हजार रुपयांचा आहे. रक्कम ऐकून प्राध्यापकवर्ग कदाचित हसेल. पण ती सारी माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, म्हणून मला तिचे हसू येत नाही.

गेले चौदा महिने मी संध्याकाळी खडेबाजारातल्या एका कापडदुकानाचा जमाखर्च लिहितो. महिना तीन हजार मिळतात. एकही पैसा न उचलता ४२,००० रुपये साठले. ते पुढल्या वर्षीच्या सी. ए. च्या शिकवणीसाठी ठेवायचे, असे आप्पांचे व माझे ठरलेले होते. दुसरीकडे आमचा एक लहानसा ऑर्केस्ट्रा आहे. गणपती, लग्नसराई, एखादे संमेलन असे मिळून वर्षाला वीसेक कार्यक्रम होतात. त्यात मी की-बोर्ड वाजवतो. आमच्या व्यवस्थापकांनी एके दिवशी सहज म्हटले, "तुझ्या त्या पेटीतून खर्जाचा स्वर निघतो खरा, पण त्यात जीव नाही बघ." मग एका पुणेकर वादकाने आपले एक यंत्र दोन दिवस मला हाताळायला दिले आणि माझी झोप उडाली.

ते यंत्र म्हणजे बेहरिंगर या कंपनीचे 'मॉडेल डी'. ज्या जुन्या वाद्याची ती प्रतिकृती आहे त्याचे नाव मिनीमूग. ही नक्कल घ्यावी की न घ्यावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. पण त्याचे उत्तर शोधताना पेटंट, ख्यातिमूल्य, घसारा, असे आपल्या अभ्यासक्रमातले बरेच काही भेटले. पाठ्यपुस्तकात या गोष्टी जेवढ्या निर्जीव वाटतात तेवढ्या त्या नाहीत.

प्रथम वाद्याविषयी. रॉबर्ट मूग हा अमेरिकन अभियंता. त्याचे आडनाव आपण 'मूग' असे वाचतो, पण तो स्वतः 'मोग' म्हणत असे. आमच्या वर्गातल्या गोव्याच्या मुलींना हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या, कारण कोंकणीत मोग म्हणजे प्रेम. १९६० च्या दशकात त्याने जी स्वरयंत्रे तयार केली ती कपाटाएवढी असत. सुट्या पेट्या तारांनी एकमेकींना जोडायच्या, मग कुठे एक आवाज निघायचा. असे एक मूग यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आले होते आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तेथे त्याची प्रयोगशाळा मांडून दिली होती. म्हणजे हे प्रकरण आपल्याला वाटते तितके परके नाही.

कपाट काही कार्यक्रमाला नेता येत नाही. मूगच्या कारखान्यातील बिल हेम्सॅथ या अभियंत्याने पडून असलेल्या भागांतून एक सुटसुटीत नमुना जुळवला. त्यातूनच १९७० मध्ये मिनीमूग मॉडेल डी बाजारात आले. तारा जोडण्याची भानगड नाही, ४४ पट्ट्या, समोर बटणांची उभी फळी. किंमत १,४९५ डॉलर. त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या दराने हे सव्वाअकरा हजार रुपये होतात. महागाई धरली तर आजच्या पैशात ते दहा हजार डॉलरांच्या पलीकडे जातात. १९८१ पर्यंत बारा हजारांवर नग खपले. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या चमूच्या १९७४ सालच्या 'ऑटोबान' मध्ये ते ऐकू येते. पार्लमेंट या अमेरिकन चमूच्या 'फ्लॅश लाइट' मधला गडगडता खर्जही त्याचाच.

या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. रिक वेकमन हा इंग्रज वादक सांगत असे, की त्याला पहिले मिनीमूग एका नटाकडून अर्ध्या किमतीत मिळाले, कारण एकाच वेळी दोन पट्ट्या वाजत नाहीत म्हणजे यंत्र बिघडलेले आहे अशी त्या नटाची समजूत होती. आपल्याला मात्र यात नवल वाटायचे कारण नाही. आपले गाणे एका वेळी एका स्वराचेच असते.

आता आतले काम. माझ्या मामांचे रेडिओ-टी.व्ही. दुरुस्तीचे दुकान आहे. मला जे समजले ते त्यांनी कागदावर आकृत्या काढून समजावले. तेच येथे देतो. पेटीत भाता हवा देतो आणि पितळी सूर थरथरतो. मिनीमूगमध्ये हे काम आंदोलक नावाचे विजेचे मंडल करते, आणि असे तीन आंदोलक आहेत. तिघांना अगदी किंचित वेगवेगळे लावले की ध्वनी जाड होतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना कान जे शोधतो ते हेच. आंदोलकातून निघणारी लहर करवतीच्या दात्यांसारखी असली तर तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सारे उपस्वर असतात. हा आवाज कच्चा, करकरीत असतो.

त्याला गोडी आणते ती गाळणी, आणि मूगची कीर्ती मुख्यतः या गाळणीवर उभी आहे. तोंडाने 'आ' म्हणा आणि घशातला स्वर न बदलता हळूहळू 'ऊ' करा. स्वर तोच राहतो, पण वरचे उपस्वर ओठांनी कापले जातात. गाळणी हेच करते. मूगने ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक अशा रचल्या, मध्ये कपॅसिटर घातले. कागदावर ती आकृती शिडीसारखी दिसते, म्हणून तिचे नावच शिडी पडले. चार पायऱ्या, प्रत्येक पायरी दर सप्तकाला सहा डेसिबल कापते, एकूण चोवीस. म्हणजे ठरवलेल्या जागेच्या एक सप्तक वर गेले की आवाजाचा आयाम सोळावा हिस्सा उरतो. ही गाळणी हळूहळू उघडावी, झपकन मिटावी, की अर्धवट ठेवावी, हे चढ, उतार व टिकाव यांच्या बटणांनी ठरते. माझ्या साध्या की-बोर्डमध्ये आवाज मुद्रित करून ठेवलेला असतो. पट्टी कितीदाही दाबा, तोच छापील आवाज. येथे दर वेळी तो नव्याने घडतो. व्यवस्थापक ज्याला जीव म्हणत होते तो हा असावा.

एक कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. या वाद्यात एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. म्हणजे एका अर्ध्या स्वराला व्होल्टचा बारावा भाग. हे गणित ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर चालते तो तापमानानुसार बदलतो. भरपाईची तजवीज केली नाही तर एका अंशाने अंतरात सुमारे एक-तृतीयांश टक्का फरक पडतो. तीन सप्तके दूर गेल्यावर तो अर्ध्या स्वराचा आठवा हिस्सा होतो, आणि दहा अंशांनी पूर्ण अर्ध्या स्वरापलीकडे जातो. म्हणून तापमान ओळखून उलट वागणारा रोधक त्यात घालतात. तरीही सुरुवातीची मिनीमूग वाद्ये स्वर सोडत असत. नकलेतही ही खोड थोडी आहे. मी दिवा लावल्यासारखे यंत्र सुरू करून लगेच वाजवले तेव्हा पंचम नकोसा झाला. वीस मिनिटे तापू दिल्यावर बसला. तानपुरा लावायला गवई जेवढा वेळ घेतात त्यापेक्षा हा कमीच आहे.

आता नक्कल कशी व कोणाची ते पाहू. उली बेहरिंगर यांनी १९८९ मध्ये जर्मनीत कंपनी सुरू केली. तिचे उत्पादन चीनमधील झोंगशान येथील तिच्याच मोठ्या कारखान्यात होते. तिने २०१७ मध्ये मॉडेल डी जाहीर केले, आणि बाजारात आले तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३०० डॉलरच्या आसपास होती. मूग कंपनीने स्वतः आपले जुने वाद्य २०२२ मध्ये पुन्हा काढले ते ४,९९९ डॉलरना. म्हणजे नक्कल अस्सलाच्या सतराव्या हिश्श्यात मिळते.

सतरावा हिस्सा हा आकडा ऐकून आमच्या परिव्ययाच्या वर्गात कोणीही म्हणेल की यात काहीतरी काळेबेरे आहे. मीही तसेच म्हटले. पण खर्चाची फोड केल्यावर बराचसा उलगडा होतो. नकलेला पट्ट्या नाहीत, लाकडी चौकट नाही, स्वर वाकवण्याची चाके नाहीत. काखेत मावेल एवढी ती पेटी आहे. अस्सल वाद्यात मोठे भाग पट्टीच्या भोकांतून ओवून डाग दिलेले असतात, आणि त्यात माणसाचे हात फार लागतात. नकलेत मोहरीएवढे भाग यंत्राने पृष्ठभागावरच चिकटवतात. मामांनी झाकण काढून भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे रे. पण हे बिघडलं तर माझ्याकडे आणू नकोस. इथं कावीय घालायला जागाच नाही." कारखाना स्वतःचा, नग हजारोंनी, त्यामुळे दर नगावरचा स्थिर खर्च नगण्य. आणि मूळ कल्पना शोधण्याचा खर्च? तो दुसऱ्या कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवलेला.

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. माझा मित्र गोकाकचा, याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याचे म्हणणे त्याने मला मराठीतच ऐकवले. "दुसऱ्याच्या डोक्यावर पोट भरणारी कंपनी ही. उद्या तू एखादी नवी गोष्ट शोधलीस आणि सहा महिन्यांत कोणी तिची नक्कल सतराव्या हिश्श्यात विकायला काढली, तर तू पुन्हा काही शोधशील काय की?"

कायद्याचे उत्तर सोपे आहे. शिडीच्या गाळणीचे पेटंट मूगने १९६६ मध्ये मागितले व ते २८ ऑक्टोबर १९६९ रोजी मिळाले. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात मंजुरीपासून सतरा वर्षांची मुदत होती, म्हणजे १९८६ मध्ये ती संपली. पेटंट हा समाजाने केलेला सौदा आहे. तू तुझी कृती उघड कर, काही वर्षे मक्ता तुझा, मग ती सर्वांची. आपल्या १९७० च्या कायद्यातही आज अर्जापासून वीस वर्षांची मुदत आहे. मुदतीत असताना मूगनेही आपला हक्क सोडला नव्हता. ए.आर.पी. या प्रतिस्पर्धी कंपनीने शिडीच्या फार जवळ जाणारी गाळणी वापरली तेव्हा मूगने हरकत घेतली, आणि त्या कंपनीने गाळणी बदलली. आता १९८६ नंतर चाळीस वर्षे होत आली. सौदा पुरा झाला.

मित्राचा मुद्दा मात्र एवढ्याने संपत नाही, हे मी कबूल करतो. या कंपनीने केवळ जुन्याच वस्तूंच्या नकला केल्या असे नाही. मॅकी या कंपनीने ध्वनिमिश्रण यंत्राच्या मंडलाबद्दल लावलेल्या दाव्यात १९९९ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने निकाल बेहरिंगरच्या बाजूने दिला. पण २००५ मध्ये रोलंड कंपनीने गिटारच्या पेडलांच्या बाह्य रूपाबद्दल दावा लावला तेव्हा तो आपसात मिटला व पेडलांचे रूप बदलावे लागले. बाजारात नुकत्याच आलेल्या वस्तूची नक्कल आणि १९७० च्या वाद्याची नक्कल या दोन गोष्टी माझ्या मते एका तागडीत टाकता येत नाहीत. मित्राच्या मते येतात, कारण विकणारा हात एकच आहे.

मी त्याला औषधांचे उदाहरण दिले. पेटंट संपल्यावर निघणारी स्वस्त औषधे आपण निमूट घेतो ना? तो म्हणाला, "औषधाविना माणूस मरतो. मिनीमूगविना कोण मेला?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. अजूनही नीटसे सुचलेले नाही.

पण आमच्या घरात एक वस्तू आहे, आणि माझा निर्णय खरे तर तिच्यामुळे झाला. ती म्हणजे आज्जांची पेटी. पेटी हा शब्द कन्नडातही आहे, त्यामुळे मित्रालाही ती लगेच कळली. हार्मोनियम मुळात फ्रान्सची. देबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला तिचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनी भाता मारायचे, उंच, खुर्चीवर बसून वाजवायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताचा भाता दिला. मग गावोगावचे कारागीर पेट्या करू लागले. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पुरती सैल झाली नाही. आणि आपल्याच बेळगावात पं. रामभाऊ बिजापुरे यांनी त्या परक्या, बंदी घातलेल्या, नक्कल करून पसरलेल्या वाद्याला जन्म वाहिला. या गावात नकलेला सरसकट नाके मुरडणे जरा अवघडच आहे.

आज्जांनी ती पेटी तरुणपणी विकत घेतली. तिच्या आत कलकत्त्याच्या एका नामांकित कारखान्याची पितळी पट्टी होती. तीन महिन्यांचा पगार त्यांनी मोजला होता. बारा-तेरा वर्षांनी भाता फाटला म्हणून खोलली तेव्हा आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेले जवळच्याच एका गावच्या सुताराचे हिशेब सापडले. पट्टी खोटी होती. आज्जी सांगत असे, की आज्जा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती पट्टी उचकटून काढली आणि पेटी पुन्हा जोडली. पुढे चाळीस वर्षे भजनाला तीच वाजली, आणि आजही सूर जागेवर आहेत. सुताराविषयी त्यांच्या तोंडून मी एकदाही वाईट शब्द ऐकला नाही. "पेटी झकास केली त्यानं. पैसे मात्र पट्टीचे घेतले," एवढेच ते म्हणत. पट्टी ठोकली विकणाऱ्याने, आणि तिचे पैसेही त्यालाच मिळाले. सुताराच्या वाट्याला काय आले असेल देव जाणे.

ख्यातिमूल्य म्हणजे काय, हे मला भागीदारीच्या प्रकरणातल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या उदाहरणांपेक्षा या पितळी पट्टीने अधिक समजावले. वस्तूची रचना एक आणि नाव एक. रचनेचा मक्ता काही वर्षांनी संपतो, तो संपलाच पाहिजे. नाहीतर आज्जांना पेटी कुठली मिळायला? नावाचा हक्क मात्र नोंदणी दर दहा वर्षांनी वाढवत राहिले तर संपत नाही, आणि तो संपू नयेच. मूगची स्वतःची कथा याला साक्ष आहे. त्याने १९७१ मध्ये कंपनी विकली, १९७७ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला, आणि मग आपलेच आडनाव आपल्या वाद्यांवर लावण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. तो परत मिळायला २००२ साल उजाडले. २००५ मध्ये तो वारला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही नावाचेच रक्षण आहे. सतार कोणीही करावी, पण मिरजेची म्हणून विकू नये.

या कसोटीला बेहरिंगरचे यंत्र लावून पाहिले. त्याच्यावर मूग हे नाव नाही, आणि भाव मुळीच पट्टीचा नाही. मात्र 'मॉडेल डी' हे शब्द आहेत, आणि बटणांची मांडणी पाहताच जाणकाराने काय ओळखायचे ते ओळखावे अशी योजना आहे. तेव्हा पट्टी ठोकलेली नाही, पण पट्टीची जागा घासून चकचकीत ठेवली आहे, असे मी म्हणेन. मला हे आवडले नाही. पण मी फसवला गेलो असेही म्हणता येणार नाही.

अस्सल घेतले तर पैसे शोधणाऱ्याला पोचतात, हा युक्तिवादही तपासून पाहिला. मूग गेला. २०१५ मध्ये त्याच्या कंपनीतील ४९ टक्के मालकी कामगारांना मिळाली होती, हे वाचून मला फार बरे वाटले होते. परंतु २०२३ मध्ये इनम्युझिक या मोठ्या समूहाने कंपनी विकत घेतली व त्याच वर्षी ॲशव्हिलच्या कारखान्यातून बऱ्याच जणांना कमी करण्यात आले. आणि तसेही, ४,९९९ डॉलर माझ्याकडे नाहीत. जे मी कधीच घेऊ शकणार नव्हतो ते न घेतल्याने कोणाची विक्री बुडाली? अर्थशास्त्राच्या भाषेत ती मागणीच नव्हे, नुसती इच्छा.

आणखी एक पर्याय होता, तो म्हणजे संगणकावर चालणारी मिनीमूग. मूग कंपनीनेच २०१८ मध्ये ॲपलच्या यंत्रांसाठी असा कार्यक्रम काढला होता आणि २०२० च्या टाळेबंदीत तो काही दिवस फुकटही दिला. माझ्याकडे ॲपलचे काही नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तशाच दुसऱ्या एका कार्यक्रमाने पट्टी दाबल्यावर क्षणभर थांबून स्वर दिला. तबलजी तेवढा वेळ थांबत नाही.

आता आकडे. बेंगळुरूच्या एका दुकानदाराने करांसह ३१,५०० रुपये सांगितले. पट्ट्या नसल्याने वेगळा की-बोर्ड हवा, चाके असलेला. तो जुना ७,००० ला मिळतो. तारा व किरकोळ १,५००. एकूण ४०,०००. ही रक्कम मूळ जाहिरातीत कोठेच नसते. नवशिक्याने ३१,५०० धरून निघू नये. पाच वर्षे वापर, शेवटी १०,००० येतील असे धरले. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा ६,०००. बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी २,६०० व्याज आले असते. तो संधित्याग खर्च. वर्षाला ८,६००, म्हणजे वीस कार्यक्रमांत प्रत्येकी ४३०. व्यवस्थापक नव्या वाद्यासाठी कार्यक्रमामागे २०० रुपये वाढवायला तयार आहेत. तोटा वर्षाला ४,६००. हिशेबाने नकार दिला. मी वही मिटवली.

ती पुन्हा उघडली मित्राने. तात्त्विक विरोध कायम ठेवून तो म्हणाला, "निम्मे पैसे मी घालतो. आमच्या नाटकांना आणि ध्वनिमुद्रणाला वर्षातून पंधरा वेळा लागेल." मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "तू घेणारच आहेस. मग निदान नीट वाजू दे की." त्याच्याकडेही वापरामागे २०० रुपये मिळतील. पस्तीस वापरांचे ७,००० येतात, खर्च ८,६००, तूट १,६००. माणशी आठशे, म्हणजे महिन्याला ६७ रुपये. आणि माझ्याकडे शिकवणीच्या पहिल्या हप्त्यासाठी २२,००० शिल्लक राहतात.

राहता राहिले आप्पा. यंत्र घरी असलेल्या दोन दिवसांत ते एकदा शेजारी येऊन बसले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी त्यात एक बटण आहे. ते फिरवून मी रिषभावरून गंधारावर गेलो आणि विचारले, "पेटीत मींड निघत नाही, यात निघते, ऐकलंत?" आप्पा म्हणाले, "ही मींड नव्हे बाळ, ही घसरण. प्रत्येक वेळी तशीच जाते." मग त्यांनी स्वतः चाकावर अंगठा ठेवला, मला गंधार धरून ठेवायला सांगितला, आणि चाक अर्ध्यावर आणून तेथेच थोडे थांबले. खोलीत कोणी बोलले नाही. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "मंडपातल्या कर्ण्यांतून हे कोणाला ऐकू येणार आहे?" हा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि माझ्या आकड्यांत त्याला रकाना नाही.

आम्ही दोघांनी साध्या कागदावर करार केला आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या सहाव्या कलमाखालील स्पष्टीकरणाप्रमाणे सामाईक वस्तूचे उत्पन्न वाटून घेतले म्हणून कोणी भागीदार ठरत नाही, तेव्हा ही भागीदारी नव्हे, सहमालकी, असे पहिल्याच ओळीत लिहिले. यंत्र गणपतीत माझ्याकडे, नाट्यमहोत्सवात त्याच्याकडे. बिघडल्यास खर्च निम्मा-निम्मा. मराठी प्रत माझ्याजवळ आहे, कन्नड त्याच्याजवळ, आणि दोन्हींत फरक आढळल्यास काय करायचे हे कलम अजून लिहायचे राहिले आहे. दुकानदाराला पैसे येत्या सोमवारी पाठवायचे आहेत.